वाऱ्याकडची बाजू

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१२ नोव्हेंबर १९९५

ती. सुचिताईस,
शैलाचा सा. न.

तुझं दिवाळीचं पत्र आणि माईनं पाठवलेली भाजणी इथल्या ओळखीच्या मुलाबरोबर पोचली. दोन थालीपिठांपुरती भाजणी मी डब्याच्या मागे लपवून ठेवली आहे, नाहीतर आमची लेक पूर्वी एका बैठकीत संपवील. इंग्रजीत बोलते, पण खाते मराठीत.

बातमी अशी की पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्यातली सोळा मी नवऱ्याशी कमी आणि नवऱ्याच्या पत्रांशीच जास्त संसार केला, हे तुला सांगायला नको. नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी जहाज सोडलं आणि इथली ऑफिसची नोकरी धरली. आता तांजोंग पगारला अठराव्या मजल्यावर बसून दुसऱ्यांच्या जहाजांची काळजी वाहतात. मी म्हटलं, पंचवीस वर्षांचं काहीतरी द्या मला. स्वित्झर्लंड द्या, नाहीतर केरळ द्या.

तर हे म्हणाले, "सेंट लुसिया."

वेस्ट इंडीजमधलं बेट आहे म्हणे. गोरे लोक हनिमूनला जातात. तिथे शिडाची बोट भाड्यानं घ्यायची, एक नावाडी बरोबर, आणि आठ दिवसांत बेटाला पूर्ण वळसा घालायचा. मी म्हटलं, "जन्म समुद्रात गेला, आता सुट्टीतही समुद्रच?"

"समुद्रात कुठे गेला? इंजिनरूममध्ये गेला. समुद्र मला दिसला कधी?"

हे ऐकून मला भरून आलं, ताई. हा माणूस असं काही बोलत नाही. पूर्वीला एकटी कशी ठेवू म्हटलं तर ती म्हणाली, "यू ऑल जस्ट गो लाह, मा. आय कॅन मॅनेज वन." युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला आम्ही नसलेलेच हवे आहोत.

पोहता न येणारी बाई शिडाच्या बोटीत बसणार. माईला सांग, म्हणजे ती देवापाशी दिवा लावील.

तुझी,
शैला

•

मिरज
२६ नोव्हेंबर १९९५

चि. शैलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माईला वाचून दाखवलं, पण बेटाचं नाव गाळलं. तुला खरंच माहीत नाही, की माहीत असून तू लिहिलं नाहीस, हे कळेना. प्रबोध गेला ते बेट हेच.

नानांच्या ट्रंकेत बोटकंपनीची तार आहे. काल काढून पुन्हा पाहिली. फेब्रुवारी १९८१, सेंट लुसिया येथे दफन. तार आल्यावर पंधरा दिवसांनी पद्माकरांचं पत्र घेऊन तू स्वतः मुंबईहून आली होतीस. त्या पत्रात 'वेस्ट इंडीजमधल्या एका बंदरात' एवढंच होतं. बाकीचं मला अजून पाठ आहे. 'सांगायला जड जाते, पण प्रबोध प्यायलेला होता. कोणालाही न विचारता बंद टाकीत उतरला.' आमच्या घरात माझ्या भावाबद्दल, तुझ्याही चुलतभावाबद्दल, शेवटचं जे वाचलं गेलं ते हे.

पुढचं तू पाहिलं आहेस. नानांनी दिवस केले नाहीत. दारू पिऊन मेलेल्याला मी पाणी सोडणार नाही, म्हणाले. फोटो लावू दिला नाही. सात वर्षांनी ते गेले, तोवर त्यांच्यासमोर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. तेवीस वर्षांचा होता गं तो.

पद्माकरांवर माझा राग नाही. त्यांनीच त्याला बोटीवर चिकटवलं, आणि बिचाऱ्यांवरच ते पत्र लिहायची वेळ आली. तुम्ही जाता आहात तर ती जागा बघा. फुलं वाहा. एक फोटो काढून आण. माईला मी तो दाखवीन तेव्हाच बेटाचं नाव सांगीन.

आणि पद्माकरांना विचार, हे बेट त्यांनी का निवडलं.

तुझी,
सुचिताई

•

क्वीन्सटाउन
९ डिसेंबर १९९५

ती. सुचिताईस,
सा. न.

शप्पथ, मला माहीत नव्हतं. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी ह्यांना विचारलं. चहा घेत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हो. तेच बेट."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तिथे गेल्यावर सांगणार होतो."

आधी वाईट वाटलं. म्हटलं, ही सहल माझ्यासाठी होती ना? मग स्वतःचीच लाज वाटली. चौदा वर्षं ह्या माणसानं मनात धरलं आहे की प्रबोधच्या जागेवर एकदा जाऊन यावं, आणि बोलून दाखवायला येत नाही म्हणून पंचवीस वर्षांचं निमित्त काढलं. तू म्हणायचीस ना, तुझा नवरा कोरडा आहे? तसा नाहीये, ताई.

मी नवा कॅमेरा घेतला आहे. दोन रोल घेतले आहेत. २३ला निघतो.

शैला

•

सूफ्रिएर, सेंट लुसिया
२९ डिसेंबर १९९५

ती. सुचिताईस,
सा. न.

हे पत्र बोटीत बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं नाचरं. छत्तीस फुटी बोट, खाली एक खोली, आपल्या देवघराएवढा ओटा. नावाडी सिरिल म्हणून इथलाच आहे, साठीचा. शीड चढवताना गातो.

आणि ऐक! ह्यांना बोट लागली! वीस हजार टनांच्या जहाजांवर चीफ इंजिनिअर राहिलेला माणूस पहिल्या दिवशी कठड्याला धरून ओकत होता आणि मी, मिरजेच्या विहिरीत पाय न घातलेली, शेजारी बसून केळी खात होते. सिरिल म्हणाला, "मॅडम खरी खलाशी आहे." किती वर्षांनी इतकी हसले.

तिसऱ्या दिवसापासून हे सावरले. इथे दोन डोंगर थेट समुद्रातून उभे आहेत, त्रिकोणी, जवळ गेलं की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. गावामागे जमिनीतून वाफ येते, चिखल उकळतो, गंधकाचा वास. पाणी इतकं स्वच्छ की नांगर तळाला पडलेला दिसतो. काल संध्याकाळी ह्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. सिरिल समोर होता तरी सोडला नाही.

बहुतेक बोटी इथून मागे फिरतात. बेटाची ही बाजू आडोशाची, पलीकडची वाऱ्याची. तिकडे अटलांटिक सरळ अंगावर येतो. सिरिल म्हणत होता, मॅडमना घेऊन कशाला जाता? पण ह्यांनी पूर्ण वळसाच घालायचा हट्ट धरला आहे. उद्या दक्षिण टोकाला व्ह्यू फोर नावाचं बंदर. प्रबोध तिथे आहे. मी इथल्या बाजारातून पांढरी फुलं घेतली आहेत. आपल्या अनंतासारखी दिसतात, वास मात्र नाही.

परवा सविस्तर लिहिते.

तुझी,
शैला

•

मिरज
२० फेब्रुवारी १९९६

चि. शैलास,
अनेक आशीर्वाद.

'परवा लिहिते' म्हणालीस त्याला सात आठवडे झाले. दोनदा पोस्टातून फोन लावला. एकदा कोणी उचलला नाही, एकदा पूर्वीनं उचलला. म्हणाली, "दे केम बॅक लाँग टाइम ऑलरेडी, मावशी. मा इज स्लीपिंग." दुपारचे चार वाजले होते तुमचे. तू कधी दुपारी झोपलीस?

माईला मी न राहवून सगळं सांगितलं. आता ती रोज पोस्टमनची वाट बघते. तिला काही मोठं नको आहे. ती जागा कशी आहे, सावली आहे का, एवढंच विचारते.

तुझं सूफ्रिएरचं पत्र वाचल्यापासून मलाही झोप नाही. एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. प्रबोधनं बोटीवरून मला अकरा पत्रं लिहिली होती. नानांनी सांगितलं आणि मी ती बंबात घातली. त्यांनी जबरदस्ती केली नाही गं. मलाच त्याची चीड आली होती. मी लोकांच्या मुलींना शिकवायची आणि माझा भाऊ दारू पिऊन मेला, म्हणून. आता त्यातली एक ओळ आठवावी म्हणते तर आठवत नाही.

फोटो पाठव. कसाही आला असेल तरी पाठव.

सुचिताई

•

क्वीन्सटाउन
५ मार्च १९९६

ती. सुचिताईस,
सा. न.

परत आल्यावर ताप आला होता, म्हणून लिहिणं झालं नाही. जागा छान आहे. पांढरा क्रॉस आहे, त्यावर नाव आहे. आजूबाजूला झाडं आहेत. फुलं वाहिली. कॅमेरा समुद्रात पडला, त्यामुळे फोटो नाहीत. माईला सांग, सावली आहे.

पूर्वीच्या परीक्षा जवळ आल्या आहेत.

शैला

•

मिरज
१९ मार्च १९९६

चि. शैला,

तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. तू खोटं बोलायला लागलीस की वाक्यं तोडतेस. माझी काचेची दौत फोडलीस तेव्हाही असंच बोलली होतीस.

तुझ्या प्रत्येक पत्रात 'हे' असतात. 'हे म्हणाले', 'ह्यांना आवडलं'. ह्या पत्रात एकदाही नाहीत.

काय झालं तिथे? माई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्याकडे वेळ नाही आणि माझ्याकडे आता धीर नाही.

सुचिताई

•

क्वीन्सटाउन
२१ एप्रिल १९९६

ती. सुचिताईस,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा पोस्टात बसूनच लिहिते आहे, म्हणजे घरी न्यावं लागणार नाही.

प्रबोध प्यायलेला नव्हता.

व्ह्यू फोरला आम्ही सकाळी उतरलो. गावाबाहेर समुद्राच्या कडेला वाळूत दफनभूमी आहे. शेळ्या चरत होत्या. राखणदाराला विचारू या म्हटलं, पण पद्माकर थांबला नाही. सरळ चालत गेला, जसा ऑफिसला जातो तसा. शेवटच्या ओळीत एक सिमेंटचा तुकडा होता. त्यावर खिळ्यानं कोरल्यासारखं इंग्रजीत होतं, 'इंडियन खलाशी, १९८१'. नाव नाही. क्रॉस नाही. झाड नाही, ताई. सावली नाही.

मी म्हटलं, "नाव का नाही?"

तो म्हणाला, "मी दिलं नाही."

मग तो वाळूत बसला आणि बोलायला लागला. मी उभी होते. फुलं माझ्या हातातच होती. तो सांगत होता ते जसं आठवतं तसं लिहिते.

जहाज रिकामं असलं की तोल राहावा म्हणून तळाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात. त्यातली एक टाकी काही महिने कोरडी बंद होती. अशा टाकीत लोखंडाला गंज चढतो आणि तो आतल्या हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. आत माणूस उतरला की दोन श्वासांत खाली पडतो. म्हणून आधी झाकण उघडून पंखा लावायचा, हवा तपासायची, मगच उतरायचं. शिकाऊ मुलालासुद्धा हे माहीत असतं. त्या दिवशी टाकीतला एक व्हॉल्व्ह अडकला होता आणि दुपारच्या आत निघायचं होतं. पद्माकर तेव्हा सेकंड इंजिनिअर होता, चीफच्या परीक्षेला बसायचा होता. कॅप्टन वरून सारखा ओरडत होता. त्यानं प्रबोधला उतरायला सांगितलं.

प्रबोधनं विचारलं, "भावोजी, आधी पंखा लावू का?"

जहाजावर तो त्याला 'सेकंडसाहेब' म्हणायचा. त्या दिवशी भावोजी म्हणाला. हे पद्माकरनंच मला सांगितलं, दोनदा.

आणि हा म्हणाला, "पंखा लावेपर्यंत दुपार होईल. दोन मिनिटांचं काम आहे, जा."

तो शिडी उतरून गेला. खाली टॉर्च पडल्याचा आवाज आला. प्राणवायूचे मुखवटे लावून त्याला वर काढेपर्यंत पाऊण तास गेला. नंतर चीफ, कॅप्टन आणि पद्माकर अशा तिघांनी बसून रिपोर्ट लिहिला. मुलगा प्यायलेला होता आणि विचारल्याशिवाय उतरला. मी विचारलं, "आणि तपासायला आलेल्यांनी मानलं?" तर वाळूकडे बघत म्हणाला, "त्याच्या केबिनमध्ये बाटली सापडली." मी विचारलं, "कोणाची?" दोनदा विचारावं लागलं. "माझी. मीच ठेवली."

मी फुलं ठेवली, आणि रोलमधला एक फोटो काढला. फक्त त्या सिमेंटचा.

बोटीवर परत आल्यावर त्यानं माझ्या पिशवीतून कॅमेरा काढला, मागचं झाकण उघडलं आणि रोल ओढून उन्हात धरला. "हे दाखवणार आहेस तू माईंना? बिननावाचं?" म्हणाला. कॅमेरा समुद्रात पडला नव्हता, ताई. ते मी खोटं लिहिलं.

मला तिथूनच विमानतळावर जायचं होतं. विमानतळ त्याच गावात आहे, पण तिकिटं आठवड्यानंतरची, पासपोर्ट त्याच्याकडे. आणि मला तेव्हा सुचतही नव्हतं. मग आम्ही तो वळसा पूर्ण केला. वाऱ्याच्या बाजूनं दोन दिवस. लाटा घरांएवढ्या होत्या. सिरिलनं मला पट्ट्यानं बोटीला बांधून ठेवलं, मी ओकत होते आणि पद्माकर मला धरून बसला होता. मी म्हणत होते हात काढ. वाऱ्यात ऐकू जात नव्हतं, की त्यानं ऐकलं नाही, माहीत नाही. छत्तीस फुटांत उठून जायला दुसरी खोली नसते. सिरिलला वाटलं मॅडम लाटांना घाबरून रडते आहे. तो गात होता.

एकदा आडोसा मिळाला तेव्हा मी विचारलं, "मला आत्ता का सांगितलंस?" त्यानं खरं सांगितलं असावं. जहाजांच्या सुरक्षिततेचे नवे नियम येत आहेत आणि ऑफिसात तरुण इंजिनिअरांना बंद टाकीत कसं उतरायचं हे शिकवायचं काम त्याच्याकडे आलं आहे. पोरं वहीत लिहून घेतात, आणि ह्याला रात्रभर झोप लागत नाही. "एकट्यानं सहन होईना," म्हणाला. म्हणून त्यानं मला पंचवीस वर्षांची भेट दिली. आता त्याला झोप लागते. घोरतो.

माझंही सांगते, नाहीतर हे पत्रही खोटंच. त्याचं ते पत्र घेऊन मी आले तेव्हा नानांनी मला ओसरीवर बसवून विचारलं होतं, "शैला, हे खरं असेल का?" मी म्हटलं, "बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा बिअर घेतली होती त्यानं." एक ग्लास होता, ताई. पद्माकरनंच ओतून दिला होता. नानांनी मान हलवली आणि आत गेले. मी नवऱ्याचं पत्र खरं करायला गेले होते.

आणि तीन महिने गप्प का बसले, तर पूर्वीचं एक वर्ष राहिलं आहे. आम्ही इथे कायम राहायचा परवाना घेऊ घेऊ म्हणत राहिलो. मी ह्या देशात आहे ती त्याच्या नोकरीवर मिळालेल्या पासवर आहे. हे कारण मी रोज स्वतःला सांगत होते आणि रोज त्याच्यासाठी पोळ्या लाटत होते. अजून लाटते.

माईला काय सांगायचं ते तू ठरव.

शैला

•

मिरज
१० मे १९९६

शैला,

तुझं पत्र शाळेत आलं ते बरं झालं. तास सोडून मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. घरी आल्यावर माईला वाचून दाखवलं, सगळं, एक ओळ न गाळता. ऐकून झाल्यावर तिनं भिंतीवरचा नानांचा फोटो काढायला लावला. कुठे ठेवू विचारलं तर म्हणाली, "मला दिसणार नाही असा ठेव."

मग माझ्याकडे पाहिलं. मला तिनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुझ्या पत्राचा मला उपयोग नाही. तू सांगशील आणि उद्या तोच म्हणेल, बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यानं लिहावं. स्वतःच्या अक्षरात, माईच्या नावे, सही करून, तारीख घालून. तेव्हा चार ओळींत माझ्या भावाला बदनाम केलं होतं, आता चार ओळी लिहायला त्याला काय जातं?

एक महिना वाट बघते.

सुचित्रा आगाशे

•

सिंगापूर
२ जून १९९६

ती. माईंस,
सा. न. वि. वि.

सौ. शैलाकडून आपणास सर्व समजले आहेच. त्या दिवशी जहाजावर कामाचा ताण फार होता. निघण्याची वेळ टळली असती तर वरिष्ठांचा रोष झाला असता. अशा प्रसंगी निर्णय घाईत घेतले जातात. जे झाले त्याचे मला आजन्म दुःख आहे.

आपली इच्छा असल्याने स्पष्ट लिहितो. चि. प्रबोधने मद्य घेतलेले नव्हते. मी सांगितले म्हणून तो टाकीत उतरला. हवा तपासलेली नव्हती. नंतरचा अहवाल खोटा होता, व त्यावर माझी सही आहे.

हे पत्र आपल्या घराबाहेर जाऊ नये अशी नम्र विनंती. पूर्वीचे शिक्षण चालू आहे.

आपला,
पद्माकर दामले

•

तोआ पायोह, सिंगापूर
१४ ऑगस्ट १९९६

सुचिताई,

तू त्या पत्राच्या प्रती काढल्यास हे मला पुण्याच्या मधुमतीकाकूंच्या फोनवरून कळलं. सगळ्या नातेवाइकांना गेल्या म्हणे, एकूण एक. काकू फोनवर म्हणत होत्या, "किती वर्षांनी त्या पोराचं नाव बदनामीतून सुटलं गं." मी ऐकून घेतलं आणि खरंच बरं वाटलं.

मग जुलैत तुझं दुसरं पाकीट ऑफिसात पोचलं. इंग्रजी भाषांतर तुझंच असणार, एकही चूक नव्हती असं पद्माकर म्हणाला. मोठ्या साहेबांनी त्याला आत बोलावलं, दार लावलं. आरडाओरडा झाला नाही. इथे होत नाही. बंद टाकीत उतरायचं शिकवणाऱ्या माणसाला आम्ही ठेवू शकत नाही, म्हणाले, आणि करार वाढवला नाही. तो घरी आला, बूट काढले आणि मला म्हणाला, "झालं समाधान?"

नोकरी गेली की पास जातो. घर सोडलं. महिना अखेरीस आम्हाला देश सोडायचा आहे. पद्माकर त्याच्या भावाकडे ठाण्याला जातो आहे. मी जाणार नाही, असं मी त्याला कपडे भरताना सांगितलं. तो थांबला. म्हणाला, "मी खरं सांगितलं म्हणून मला सोडतेस? गप्प बसलो असतो तर जन्मभर राहिली असतीस." मी बॅगेचं कुलूप लावलं.

पूर्वी होस्टेलवर राहून शेवटचं वर्ष करील. तिला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, "सो ऑल माय स्कूल, माय हाउस, एव्हरीथिंग, इज फ्रॉम दॅट?" बापाशी ती बोलत नाही. माझ्याशीही फार नाही.

तू योग्य केलंस. तुझ्या जागी असते तर प्रबोधसाठी मीही हेच केलं असतं. आणि मला तुझा राग आहे. इतका की हे लिहिताना पेन कागदातून आरपार जातं आहे. तू मला एका ओळीनं आधी सांगू शकली असतीस. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं कुठलं खोडावं ते कळत नाही.

स्वप्नाली म्हणून एक मैत्रीण आहे, तिच्या घरी एका खोलीत आहे मी. ३० तारखेचं मुंबईचं तिकीट आहे. मुंबईत मला कोणी नाही. आई नाही, सख्खा भाऊ नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते. काही दिवस तुमच्याकडे येऊ का?

शैला

•

मिरज
२३ ऑगस्ट १९९६

शैला,

ऑफिसला पाठवायच्या आधी तुला कळवायचं हे माझ्या मनात आलं होतं. कळवलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. म्हणून कळवलं नाही. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

तुझं पत्र माईला वाचून दाखवलं. 'येऊ का' ही ओळ मी गाळणार होते. पण आता तिच्यासमोर मला काही गाळता येत नाही. ती लगेच म्हणाली, "येऊ दे." मी नको म्हटलं. म्हटलं, ओसरीवर बसून नानांना काय सांगून गेली होती ते विसरलीस? माई म्हणाली, "नाही विसरले. पण तो आहे ती जागा आपल्यातल्या एकीनंच पाहिली आहे. मला तिच्या तोंडून ऐकायची आहे. शेळ्या कुठे होत्या, समुद्र किती लांब, सगळं." फोटो नाही म्हणून नाहीच, असं ती धरून बसली नाही. पाहून आलेली बाई आहे ना, म्हणाली.

मला तुझ्याशी बोलावंसं वाटेल की नाही, सांगू शकत नाही. एका घरात राहून न बोलता दिवस काढायची आम्हाला सवय आहे, तूही लावून घे. पण घर माईच्या नावावर आहे. ये.

स्टेशनवर मी येणार नाही. रिक्षा कर. मी शाळेत असेन, दार माई उघडील. तिला उठून येईपर्यंत वेळ लागतो. कडी एकदाच वाजव आणि उभी राहा.

सुचित्रा